समोरून येणारी बत्ती

जुलै महिन्यात मावळ तालुक्याच्या बातम्यांत एक शब्दप्रयोग हटकून भेटतो, 'समाधानकारक पाऊस'. पवना धरणात अमुक टक्के साठा, भातलावणीस वेग, तालुक्यात समाधानकारक पाऊस. वाक्य ठरलेले, त्याची जागाही ठरलेली. आम्ही ते वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि दरवेळी त्या विशेषणापाशी आमचे मन थोडे अडखळते. समाधान कोणाचे? लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस वडगाव-तळेगावच्या पट्ट्यात यावे तर तो निम्म्याहूनही कमी होतो. कार्ल्याच्या पायथ्याशी गुडघाभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाईस जो पाऊस हवाहवासा, तोच कड्याखालच्या ठाकरवाडीत रात्र जागून काढायला लावतो. आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर रविवारी भिजावयास येणाऱ्या मंडळींचे समाधान तर आणखीच निराळे. त्याविषयी न बोललेले बरे.

मावळचा शेतकरी मात्र हा शब्द सहसा वापरीत नाही. तो म्हणतो, "यंदा पोटापुरतं झालं." वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हा वाण तयार केला. १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि मावळच्या खाचरांतून शिजत्या भाताचा वास पुन्हा दरवळू लागला. उत्पन्न वाढले, भावही बरा आला. तरी शेतकऱ्याचे मोजमाप 'पोटापुरते' हेच राहिले. आम्हांस तो शब्द प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या फार जवळचा वाटतो. तेथे आपण कोठार भरून मागत नाही, आजची भाकर मागतो. एवढे मागून रात्री निजता येणे, हेच परमेश्वराच्या संगोपनात समाधान मानणे होय, असे आम्ही पुष्कळ वर्षे वेदीवरून सांगत आलो आहोत, आणि ते खरेच आहे. परंतु ज्याला निजताच येत नाही, त्याला काय सांगावे?

२०२३ सालच्या २५ जूनच्या रविवारी मिस्सामध्ये मत्तयकृत शुभवर्तमानातील चिमण्यांचा उतारा वाचनास होता. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचेही पडणे पित्याला परके नाही, तेव्हा शिष्यांनी भिऊ नये, असे प्रभू तेथे सांगतो. उतारा लोकांच्या आवडीचा. पाऊसही वेळेवर येण्याच्या बेतात होता. प्रवचन सर्वांस रुचले, असे निदान चेहऱ्यांवरून दिसले.

त्यानंतर महिनाही लोटला नव्हता. १९ जुलैच्या रात्री, आमच्या घाटाच्या पायथ्याकडील खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर डोंगर खचला. ठाकर समाजाची ती वाडी. गाडीरस्ता नव्हता. मदतीस धावलेली माणसे अंधारात, चिखलातून, पायी वर चढली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने कोसळला आणि गेला. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळफावड्यांनी माती उपसावी लागली. २३ जुलैस शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. तो दिवस रविवार होता.

त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक बाई सॅक्रिस्टीच्या दारात उभी राहिली. तिचा नवरा रेल्वेत ट्रॅकमन. पावसाळ्याचे चार महिने घाटात रात्रीच्या पेट्रोलिंगवर. ती म्हणाली, "फादर, चिमण्यांचा हिशेब ठेवणारा बाप त्या रात्री कुठं होता?" आम्ही काही बोलण्याआधीच ती पुढे म्हणाली, "मी भांडायला नाही आले. ह्यांची रात्रपाळी असली की मला झोप लागत नाही, म्हणून विचारते." आम्ही तिला बसावयास सांगितले, पण नवरा रात्रपाळीहून येऊन झोपला होता, तो उठण्याआधी तिला स्वयंपाक उरकावयाचा होता. प्रश्न दारात ठेवून ती निघून गेली.

असा प्रश्न दारात पडला की पहिला मोह होतो तो 'देवाची इच्छा' या दोन शब्दांनी त्याला वाटेला लावण्याचा. सुदैवाने आमच्या सेमिनरीतील शास्त्राच्या प्राध्यापकांनी हा मोह आवरण्याचे एक साधन आम्हांस दिले होते. चिमण्यांच्या त्या वचनाचे पुष्कळ अनुवादांत असे रूप आढळते की, पित्याच्या इच्छेवाचून चिमणी पडत नाही. मूळ ग्रीक वाक्यात 'इच्छा' हा शब्दच नाही. तेथे केवळ 'तुमच्या पित्यावाचून' एवढेच आहे. फरक लहान दिसतो, पण त्यावर सारे अवलंबून आहे. चिमणी पडणारच नाही, असे प्रभू म्हणत नाही. पित्याने तिला पाडले, असेही म्हणत नाही. ती पडते, आणि पडताना एकटी नसते, एवढेच तो म्हणतो. हे बोलणारा स्वतः पुढे येरुशलेमच्या वेशीबाहेर वधस्तंभावर गेला. त्याला कोणी उचलून नेले नाही. इर्शाळवाडीच्या रात्री पिता कोठे होता, याचे शास्त्राला धरून एकच उत्तर देता येईल की तो ढिगाऱ्याखाली होता आणि चिखलातून वर चढणाऱ्यांच्या पायांतही होता. पण हे उत्तर कागदावर लिहिणे सोपे. झोप न लागणाऱ्या बाईच्या हातात ते ठेवावे कसे, हा आमचा खरा प्रश्न होता.

समाधान या शब्दाचा आणखी एक धोका आहे. तो पोटभर जेवलेल्या माणसाने उपाशी माणसाला सांगितला की त्याची वाफ होते. मावळात तरी धर्मगुरूने हे विसरता कामा नये. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध येथील शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण ठार झाले, त्यांत एक स्त्री होती. धरणासाठी जमिनी गेलेल्यांपैकी कित्येकांचे पुनर्वसन तोवर व्हावयाचेच होते. त्या माणसांना 'जे आहे त्यात सुख माना' असे सांगावयास आमची जीभ रेटणार नाही. प्रभूने पाखरांकडे बोट दाखविले ते चिंता करणाऱ्यांसाठी. हक्काचे मागणाऱ्यांना गप्प करण्यासाठी नव्हे.

इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर आम्ही अधूनमधून जातो. तुकोबांचे नाव घेऊन समाधानाचा उपदेश करणारे पुष्कळ, पण त्या समाधानाच्या आधी काय घडले ते सांगणारे थोडे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे, परंपरा सांगते, सावकारीच्या कागदांतील धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले. म्हणजे त्यांचे समाधान दुसऱ्यांच्या मानेवरचे ओझे उतरवून मग आले. पुणे धर्मप्रांताचे माजी महागुरू थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावरच आपला प्रबंध लिहिला, तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी ख्रिस्ती माणसाला भंडाऱ्याचा डोंगर परका वाटू नये, याचे एक कारण तेही आहे.

संत पौलाचे समाधानही असेच घासून निघालेले आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, कसल्याही स्थितीत तृप्त राहावयास आपण शिकलो, असे तो सांगतो. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले हे आपण सर्व जाणतो. परंतु ते वाक्य कोणत्या प्रसंगी आले याकडे आपले लक्ष जात नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती त्याला मदत पाठविली होती, आणि पत्राचा तो भाग म्हणजे त्या मदतीची पोच होय! आजच्या भाषेत, मनिऑर्डर मिळाल्याचे पत्र. तेथे 'तृप्त' यासाठी पौलाने जो शब्द योजला तो 'औतार्केस', म्हणजे स्वतःला स्वतः पुरा पडणारा. स्टोइक तत्त्वज्ञांचा तो आवडता शब्द. ज्याला कोणाचीच गरज नाही असा माणूस त्यांना आदर्श वाटे. पौलाने शब्द त्यांचाच उचलला आणि लागलीच उलटा केला. मला सारे साधते, ते मला बळ देणाऱ्याच्या ठायी, असे तो म्हणतो. आणि नंतर, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरे केले, असेही जोडतो. त्याची तृप्ती अशी दोन आधारांवर उभी आहे, एक वरचा आणि एक एपफ्रदीतच्या हातातला. यांतला कोणता देवाचा, असे विचारणे पौलाला वेडगळ वाटले असते.

आणि तो 'शिकलो' म्हणतो. आमच्या मते त्या अध्यायातील सर्वांत मौल्यवान शब्द हा. समाधान त्याला बाप्तिस्म्याबरोबर मिळाले नव्हते, ते शिकावे लागले. आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासात याचे एक उदाहरण आहे. १९०३ साली 'निरोप्या' सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे महागुरू झाले. ते जर्मन होते. पहिल्या महायुद्धाने त्यांचा धर्मप्रांत त्यांना दुरावला. १९२१ मध्ये त्यांना हिरोशिमास पाठविण्यात आले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्या वयात नवा देश, नवी भाषा, नवी माणसे! १९२७ मध्ये ते पुण्यास परतले आणि १९४८ पर्यंत त्यांनी येथला भार वाहिला. मराठी शिकून मराठी मासिक काढणाऱ्या माणसाने ती सहा वर्षे कशी काढली असतील, याचा विचार आम्ही बदलीचा कागद हाती आला की करतो.

पण त्या बाईस पौलाचे ग्रीक सांगून उपयोग नव्हता. म्हणून ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आम्ही तिच्या घरी, रेल्वे वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. नवरा कामावर निघण्याच्या तयारीत होता. निवृत्तीस एक वर्ष उरलेले. त्याच्या आजोबांनी राहुरीकडे बाप्तिस्मा घेतला होता. बापही घाटातच गँगमन होता.

बोरघाटाविषयी येथे थोडे सांगावयास हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो झोपेत पार केलेला असतो. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना सदतीस फुटांना एक फूट असा खडा चढ आहे. मूळ मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले. हा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात. पुढच्या डब्यातील उतारू खिडकीतून मान काढून पाहील तर त्याला पुढचे इंजिन दिसेल, मागून ढकलणारे दिसणार नाही. कर्जतचा वडा खाण्यास गाडी थांबते, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते! फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत मात्र बँकरवाचून चढते. डब्यांखालीच तिची मोटर असते. प्रगती उत्तमच, पण आमच्या प्रवचनातले एक चांगले उदाहरण त्यामुळे कमी झाले.

बँकरपेक्षाही न दिसणारी गोष्ट म्हणजे रुळावरून रात्री चालणारा माणूस. पावसाळ्यापूर्वी 'हिल गँग'ची माणसे दोरांवर लोंबकळत कड्यांवरचे सुटे दगड शोधून पाडतात. तरी पावसात दगड येतोच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पेट्रोलमन रात्रभर फेऱ्या घालतो. आमच्या या यजमानाने आपले सामान आम्हांस दाखविले. तीन रंगांची टॉर्च, शिट्टी, फटाक्यांचा डबा, रेनकोट आणि एक चिकटपट्टी लावलेली वही, ज्यास ते पेट्रोल बुक म्हणतात.

"रुळावर दगड दिसला तर काय करता?" आम्ही विचारले.

"पळायचं, फादर. जिकडनं गाडी येणार तिकडं. सहाशे मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा. बाराशेवर तीन, दहा दहा मीटर सोडून. मग लाल बत्ती धरून उभं राहायचं."

"आणि गाडीतल्या लोकांना काही कळते?"

"त्यांना कशाला कळायला पाहिजे? झोपू द्या की."

आम्ही विचारले, भीती वाटत नाही का. तो म्हणाला, वाटते. बोगद्याच्या तोंडाशी धबधब्याचा आवाज आणि दगड सुटल्याचा आवाज पावसात सारखाच येतो. अशा वेळी माणूस एका जागी थिजतो. पण वेळापत्रकाने पुढच्या टोकाला पोहोचावयाचे असते, म्हणून पाय चालतात. एवढे बोलून तो वही चाळू लागला. आम्ही मुद्दाम सोपा प्रश्न केला. चार महिन्यांच्या त्या रात्रींत बरे कधी वाटते?

त्याने फार विचार केला नाही. "टोकाला दुसऱ्या बीटवाला भेटतो. त्याची वही मी घेतो, माझी तो घेतो. सही करायची, तंबाखू मळायची, मागं फिरायचं. तर त्याची बत्ती लांबून हलताना दिसते ना, तेव्हा जीव भांड्यात पडतो. आपल्या मागचं आपण बघून आलेलो असतो. पुढचं तो बघून आलेला असतो."

"आणि बत्ती दिसलीच नाही तर?"

"थांबायचं थोडं. तरी नाही आला, तर मागं नाही फिरायचं. त्याच्या बीटमध्ये शिरायचं. तो सापडेपर्यंत चालायचं. नियमच आहे तसा."

'सापडेपर्यंत' हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढरामागे जाणारा मेंढपाळ किती वेळ शोधतो, यासाठी नेमका हाच शब्द आहे. त्याला आम्ही ते बोलून दाखविले नाही. त्यास कामावर जावयाचे होते, आणि अशा वेळी शास्त्रवचन पुढे केले की चांगला माणूस उगाच संकोचतो.

परंतु घरी परतताना आणि नंतर अनेक दिवस तो नियम आमच्या मनातून गेला नाही. परमेश्वराच्या निगेविषयी बोलताना आम्ही नेहमी गाडीतील उतारूचे चित्र डोळ्यांसमोर ठेवत आलो. बाहेर पाऊस, आत आपण निर्धास्त, आणि कोणी तरी जागा आहे. स्तोत्रकर्त्याचा रक्षणकर्ता झोपत नाही, पेंगत नाही, तेव्हा आपण झोपावे. हे चित्र खोटे नाही. लेकराला ते पुरते. पण ज्याची रात्रपाळी आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याच्या डोक्यावर डोंगर आहे, त्याला झोपेचे चित्र देऊन भागत नाही. त्याला चालण्यातले समाधान लागते. ते असे की अंधाराचा आपला टप्पा आपण तपासावा आणि ज्या टप्प्यावर आपला अधिकार चालत नाही त्याच्या पलीकडून कोणी तरी बत्ती घेऊन येत आहे, यावर विसंबावे. ख्रिस्त त्या पलीकडच्या टप्प्यातून येतो, अशी आपली श्रद्धा आहे. तो तेथे जाऊन आला आहे; मरणाचा बोगदा त्याने आतून पाहिला आहे. आणि बत्ती दिसली नाही तर? बऊरला दिसली नाही, इर्शाळवाडीला त्या रात्री दिसली नाही. मग मागे फिरावयाचे नाही, एवढाच नियम आपल्या हाती उरतो. चिखलातून वर चढलेल्या त्या माणसांनी तो कोणी न सांगता पाळला.

हे सारे आम्ही त्या बाईस एकदम सांगितले नाही. ती पुढे अधूनमधून भेटत राहिली. एकदा म्हणाली की नवऱ्याने आम्हांस सांगितलेली वहीची गोष्ट तिने प्रथमच ऐकली. तीस वर्षांच्या संसारात त्याने घरी कधी ती काढली नव्हती. "मला वाटायचं, ते एकटेच असतात रात्रभर." तिच्या रात्री बदलल्या त्या एवढ्याने. झोप तिला अजूनही उशिरा लागते. मात्र पूर्वी ती रोझरी नवऱ्यासाठी म्हणत असे, आता दुसऱ्या बीटवाल्याचे नावही त्यात घालते. तो कोण, कोणत्या धर्माचा, हे तिने विचारलेले नाही. बत्ती घेऊन येणारा, एवढीच ओळख तिला पुरते. तिचा पहिला प्रश्न तिने मागे घेतला असे आम्ही म्हणणार नाही. त्या ५७ जणांची आठवण निघाली की ती अजूनही गप्प होते, आणि आम्हीही होतो. समाधान म्हणजे प्रश्न संपणे नव्हे, हे आम्ही तिच्याकडून शिकत आहोत.

तिचा नवरा २०२४ च्या पावसाळ्यानंतर निवृत्त झाला. त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या अखेरीस तो आमच्या कार्यालयात आला. मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी नावे नोंदविण्याची तेव्हा गर्दी असते. त्याने आईवडिलांची, सासऱ्याची नावे दिली, पैसे मोजून ठेवले आणि तरीही घुटमळला. मग विचारले, "फादर, घाट बांधताना मेले त्यांच्यासाठी कोणी मिस्सा मागतं का?"

ती हकीकत आम्ही वाचली होती. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी न मिळाल्यामुळे मजुरांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. १८६१ मध्ये घाटात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि तापांनी ते हजारोंनी मेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. कंत्राटदारांची नावे आज पुस्तकांत सापडतात. मजुरांची सापडत नाहीत. त्यांची वही कोणी ठेवली नव्हती.

आम्ही म्हणालो, आजवर अशी मिस्सा कोणी मागितलेली नाही.

"मग माझ्याकडून लिहा."

नोंदवहीत 'मृताचे नाव' असा एक रकाना असतो. आम्ही लेखणी तेथे टेकवून त्याच्याकडे पाहिले. त्याने क्षणभर विचार केला. "ते ख्रिस्ती नसतील, फादर. चालतंय ना?" आम्ही म्हणालो, चालते. "मग लिहा, आमच्या आधीचे गँगवाले."

आम्ही तसेच लिहिले. २ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, वेदीवर नावे वाचताना ते त्याच्या सासऱ्याच्या नावानंतर आले. मागच्या बाकांवर रेल्वेची चार-पाच माणसे होती, रात्रपाळी संपवून सरळ आलेली, पायांत अजून तेच बूट.